हवामान बदल संशोधनावरील शासकीय खर्च

हवामान बदलाची मोजणी, कारणमीमांसा आणि भाकीत यांसाठी सरकारने किती पैसा द्यावा व तो कोठे वापरावा, याविषयीचा वाद. भारतात 30 जून 2008 रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक केवळ ज्ञाननिर्मितीसाठी होते. पुढच्या वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हवामान बदल संशोधन केंद्र सुरू झाले. सप्टेंबर 2024 मध्ये हवामानाचे अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांचे 2,000 कोटी रुपये मंजूर झाले, मात्र रडार आणि पावसाचा अंदाज हा खर्च हवामान बदल संशोधनात धरायचा का, इथपासूनच मतभेद आहेत.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की वातावरणात कार्बन ओतला तो मुख्यतः श्रीमंत देशांनी. अभ्यासही त्यांनीच करावा, आपला रुपया नाले, बांध आणि दवाखान्यांकडे जावा. यातला न्यायाचा मुद्दा खरा आहे. पण हवामानाचे भाकीत करणारी जागतिक संगणकीय प्रतिमाने पृथ्वीचे चौकटींत तुकडे करतात; त्यांतील एक चौकट बहुधा शंभरेक किलोमीटरची असते आणि सुमारे 26 किलोमीटर लांबीची ठाणे खाडी तिच्या कोपऱ्यात मावते. या खाडीचा अभ्यास बाहेरचे कोणी करून देणार नाही.

शिवाय ‘नाला की अभ्यास’ ही निवडच फसवी आहे, हे नवी मुंबईत दिसते. शहराचा बराच भाग खाजणात भराव टाकून वसला. उधाणाच्या भरतीत पाणी आत येऊ नये म्हणून शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. लोक त्यांना होल्डिंग पॉण्डच म्हणतात. भरतीच्या दाबाने झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत उतरते. खारे पाणी अडवणाऱ्या खारबांधावरच्या उघाडीचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराचे, तत्त्वही हेच. तलावांत गाळ साचला, गाळात कांदळवन उगवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाला संरक्षण असल्याने गाळ उपसणेही सोपे राहिले नाही. त्यात समुद्र चढतो आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सुमारे 3.3 मिलिमीटरने वाढल्याचे केंद्र सरकारच्या 2020 च्या अहवालात नमूद आहे. पातळी जितकी वर, तितका झडपा उघड्या राहण्याचा अवधी कमी. तलाव केवढा हवा, पंप किती हवेत, हे या आकड्यावाचून ठरत नाही. मुंबईत अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. अशा मोजणीत खंड पडला, तर ती वर्षे नंतर कितीही पैसे ओतून परत मिळत नाहीत.

उष्णतेचेही तसेच. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरील शासकीय सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान 37 अंश असावे लागते. दमट हवेत घाम सुकत नसल्याने त्याहून कमी तापमानही जिवावर बेतू शकते. ठाणे महापालिकेने 2024 मध्ये एका संशोधन संस्थेच्या साहाय्याने उष्णता कृती आराखडा तयार केला.