बांगडीच्या वर आलेला बटवा

दुर्बिणीच्या तपासणीचा कागद हातात पडल्यावर राजेंद्रनगरच्या आमच्या मामीनं पहिल्यांदा काय केलं, तर बेंबीभोवती पोट चाचपून पाहिलं. कागदावर ‘स्मॉल स्लायडिंग हायटस हर्निया’ असं लिहिलेलं होतं, आणि हर्निया म्हटलं की इंदुरात काय नि पुण्यात काय, खोकल्यावर टम्म फुगणारी गाठच डोळ्यांपुढे येते. “गाठ तर कुठंच लागत नाहीये,” मामी म्हणाली. लागणारही नाही. हा हर्निया बाहेर येत नाही, वर जातो. पोटातल्या जठराचा थोडासा भाग छातीत सरकतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब. ती छातीतून उतरते, श्वासपटलातल्या एका छिद्रातून खाली येते आणि लगेच जठराला मिळते. या छिद्राचं नाव हायटस.

एक बटवा बांगडीतून असा लटकवा की त्याचं नाडा आवळलेलं तोंड नेमकं बांगडीतच राहील. बटवा म्हणजे जठर. नाडा म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा गोल स्नायू, जो घास जाताना सैलावतो आणि मग पुन्हा आवळतो. बांगडी म्हणजे हायटस. फक्त ही बांगडी काचेची नाही, स्नायूची आहे. श्वास घेताना, खोकताना, वाकताना तीही आवळते. म्हणजे पोटातला दाब वाढण्याच्या नेमक्या क्षणी नाड्यावर बाहेरून दुसरा हात पडतो. एकाच जागी दोन कुलपं! हर्नियात बटव्याचं तोंड बांगडीच्या वर सरकतं. दोन्ही कुलपं शाबूत असतात, पण एकमेकांपासून दूर. तिथंच सगळा घोटाळा होतो.

सरकतं का, हे पाहिलं तर नवल वाटतं ते इतकी वर्षं न सरकल्याचं. श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला चढतो. जठर दर श्वासाला वर ओढलं जातं. शिवाय प्रत्येक घोट गिळताना अन्ननलिका आखडते आणि जठराचं तोंड थोडं वर खेचते. त्याला पुन्हा जागेवर आणणारा एक लवचीक पडदा असतो. पन्नास-साठ वर्षं अशी ओढाताण झाल्यावर तो जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखा ढिला पडतो. सुटलेलं पोट, बाळंतपणं, जुना खोकला, शौचाला कुंथणं यांनी हे काम लवकर होतं.

आता जळजळीकडे येऊ. आपण सरसकट “पित्त झालंय” म्हणतो. शरीरशास्त्रातलं पित्त यकृतात तयार होतं. छातीत जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. तेही जास्त तयार झालेलं असतं असं नाही, भलत्या जागी पोचलेलं असतं. जठराला आम्लापासून वाचवणारं जाड बुळबुळीत अस्तर असतं, अन्ननलिकेला नसतं.

मला यात सगळ्यांत मजेची वाटते ती एक छोटी गोष्ट. अन्न आम्लाला सौम्य करतं, मग जेवणानंतरच जास्त का जळावं? 2001 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं की जेवणानंतर ताज्या आम्लाचा एक थर अन्नात न मिसळता वरच, जठराच्या तोंडाशी साचून राहतो. हर्निया असला तर हे डबकं श्वासपटलाच्या वर, थेट अन्ननलिकेच्या उंबऱ्यावर बसतं. आता आमचा इंदूरचा सराफा बाजार आठवा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथं खाणं सुरू होतं, थंडीत रात्री अकरा वाजता कढईतून तळलेले गराडू, म्हणजे एक प्रकारचा कंद, निघतात, वर जीरावन मसाला भुरभुरलेला. तळलेलं खाल्लं की जठर उशिरा रिकामं होतं आणि नाडाही सैलावतो. घरी येऊन आडवं झालं की डबक्याला उतारच मिळाला. दोष जीरावनला दिला जातो. माझ्या मते खरा गुन्हा घड्याळाचा.

बऱ्याच जणांना हर्निया असून काहीच होत नाही. काहींना आंबट ढेकर येतात, सकाळी आवाज घोगरा होतो, रात्री ठसका लागतो. मोठ्या हर्नियात आणखी एक लपलेली गोष्ट घडते. वर सरकलेल्या जठराच्या घड्या श्वासागणिक हायटसच्या कडेवर घासतात, तिथं चरे पडतात आणि थेंबथेंब रक्त जातं. हिमोग्लोबिन का उतरतंय याचा पत्ता लागत नसतो, आणि कारण इथं निघतं.

सुमारे 95 टक्के हर्निया मामीसारखे, सरकणारे. उरलेल्यांत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या शेजारून वर घुसतो. असं जठर क्वचित पिळा खातं. मग पोटात कळ येते, उमासे येतात पण उलटी पडत नाही. तेव्हा थेट इस्पितळ गाठायचं. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शी होणं हेही घरी थांबण्यासारखं नाही. आणि छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर हर्नियाचा कागद बाजूला ठेवून आधी ईसीजी.

पँटोप्राझोलसारख्या गोळ्या आम्ल कमी करतात. सरकलेलं जठर खाली आणत नाहीत. त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या, कारण आम्लाचे पंप जेवताना चालू होतात आणि चालू पंपच त्यांना बंद करता येतो. रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदानं 1956 मध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज ती दुर्बिणीतून होते. मामीला तिची गरज नाही.

तिला सांगितलंय ते साधं: रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, झोपताना डावी कूस. डाव्या कुशीवर जठर खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर येतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटाही लावल्यात. नुसत्या उशा रचून भागत नाही. पोट दुमडतं आणि दाब वाढतो. मामीची रात्रीची जळजळ कमी झालीय. मामा मात्र त्याच पलंगावर झोपतो आणि सकाळपर्यंत पायथ्याशी पोचलेला असतो. “स्लायडिंग हिचं निघालं,” तो म्हणतो, “घसरतोय मी.”