कापडाची भोकं विणण्याआधीच मोजता येतात

60×60 / 92×88. केम्ब्रिक या पातळ सुती कापडाची ही नेहमीची बांधणी: ताणा आणि बाणा दोन्ही 60 काउंटचे (काउंट जितका मोठा, तितका धागा बारीक), इंचात 92 उभे धागे, 88 आडवे. या कापडात मोकळी जागा किती राहील, हे माग सुरू करण्याआधीच काढता येतं.

आधी धाग्याची जाडी. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले एफ. टी. पीअर्स यांनी 1937 साली कापडाची भूमिती मांडली. त्यांच्या सूत्रानुसार सुती धाग्याचा व्यास इंचात 1 भागिले (28 × √काउंट). 60 काउंटला तो इंचाचा 217वा भाग येतो, म्हणजे 0.117 मिलिमीटर. 92 ताण्यांनी इंचातली 42.4 टक्के रुंदी व्यापली, 88 बाण्यांनी 40.6 टक्के. उरलेल्या दोन भागांचा गुणाकार करायचा: 0.576 × 0.594, म्हणजे 34 टक्के जागा मोकळी. एकेक भोक साधारण 0.16 × 0.17 मिलिमीटरचं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही टक्के शंभरातून सरळ वजा करणं. मग उत्तर 17 येतं, कारण धागे एकमेकांवर बसतात तो तुकडा दोनदा वजा होतो.

मात्र हे 34 टक्के फक्त आरपार दिसणाऱ्या जागेचे. पीअर्स यांच्या सूत्रात धाग्याच्या आतही सुमारे 40 टक्के हवा धरलेली आहे. याच कापडाचं वजन चौरस मीटरला 73 ग्रॅम आणि जाडी 0.2 मिलिमीटर धरली, तर घनता घन सेंटिमीटरला 0.365 ग्रॅम येते. कापसाच्या तंतूची घनता 1.52. म्हणजे कापडाचा 76 टक्के भाग हवाच! हवा आरपार किती खेळेल ते पहिल्या आकड्यावरून बघावं. ऊब आणि पाणी धरण्याचा विचार करताना दुसरा आकडा घ्यावा.

सूत्र फसतं ते धागा गोल धरल्यामुळे. कॅलेंडरच्या, म्हणजे कापड दाबून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या, रोलरखाली तो चपटा होतो. रुंदी सव्वापट झाली, की 34 चे 23 टक्के होतात. धुतल्यावर पन्हा 5 टक्के आटला तर 92 चे 97 धागे होतात. म्हणून मोजणी मागावरच्या ताणलेल्या कापडावर करू नये. धुऊन, सैल पसरलेल्या कापडावर पाच-सहा ठिकाणी भिंगाने करावी. मागावर ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीच्या एका घरात दोन धागे भरले असतील तर ते जोडीने चिकटतात आणि जोड्यांमधली फट मोठी होते. सरासरी तीच राहते, पण हवा आणि धूळ मोठ्या फटीतून जास्त जाते.

धाग्याचा केसाळपणा, म्हणजे बाहेर डोकावणारे सुटे तंतू, तर सूत्रात नाहीच, आणि तो फार महत्त्वाचा. बांगलादेशात पाणी गाळायला जुनी सुती साडी वापरतात. चार ते आठ घड्या केल्यावर तिची जाळी सुमारे 20 मायक्रॉनची (0.02 मिलिमीटर) होते, आणि कॉलराचे जंतू ज्यांना चिकटतात ते सूक्ष्म जीव त्यात अडकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, 65 गावांतल्या अभ्यासात यामुळे कॉलराचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटले. वारंवार धुतल्याने सुटे झालेले तंतू भोकांत पसरतात, म्हणून जुनी साडी नव्यापेक्षा बारीक गाळते.