बरोट येथील ट्राउट मासेमारी

हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील बरोट गावी, ऊहल नदीच्या पात्रात व तेथील छोट्या जलाशयात गळाने केली जाणारी मासेमारी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मी. उंचीवर आहे. देवदारांच्या उतारांमधले हे पाणी पाहून सरोवर नैसर्गिक असावे असे वाटते. प्रत्यक्षात शानन जलविद्युत प्रकल्पासाठी ऊहल व लंबाडग यांचे पाणी येथे अडवले आहे. ते बोगद्यातून जोगिंदरनगरजवळच्या वीजघराकडे जाते. कर्नल बी. सी. बॅटी यांच्या देखरेखीखाली उभारलेला हा प्रकल्प १९३३ मध्ये सुरू झाला. त्याची यंत्रे डोंगरावर चढवण्यासाठी टाकलेला, तारदोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीचा रूळमार्ग अभियांत्रिकीची आवड असणाऱ्याने मुद्दाम पाहावा असा आहे.

जलाशयाप्रमाणे ट्राउटही येथे बाहेरून आला. युरोपातील तपकिरी ट्राउट १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये रुजला आणि काही वर्षांतच कुलू खोऱ्यात आणला गेला. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. पहिल्याच्या अंगावर फिकट कड्यांचे तांबडे ठिपके असतात, दुसऱ्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा. दोघांनाही थंड, भरपूर प्राणवायूचे पाणी लागते; पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापू लागले की ते हैराण होतात.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला, वाहत येणाऱ्या किड्यांची वाट पाहतो. म्हणून जलाशयात गळ टाकायचा तो शक्यतो नदी आत शिरते त्या तोंडाशी, पहाटे किंवा संध्याकाळी. पिसे व धागा गुंडाळून केलेली नकली माशी पाण्यावर अलगद उतरली पाहिजे. मासा चाणाक्ष असतो. काठावरची सावली हलली तरी दूर पळतो. वीजघराच्या गरजेनुसार पाण्याची पातळी बदलते, तेव्हा पात्रात उतरणाऱ्याने सावध असावे.

मासेमारीला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण तपकिरी ट्राउटची मादी याच थंडीत वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. हा नियम कसोशीने पाळला जावा. विभागाचे मत्स्यबीज केंद्रही बरोटला आहे, पण हौदात वाढलेले पिल्लू नदीत जन्मलेल्या माशाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

हिमालयी नद्यांतला मूळचा ‘स्नो ट्राउट’ नावापुरताच ट्राउट. कुळाने तो रोहू-कटल्याचा भाऊबंद. पाहुण्या ट्राउटशी जागा आणि अन्न यांसाठी त्याला झगडावे लागते. गळाच्या हौसेत त्याची आठवण सहसा कुणी ठेवत नाही.