‘राजा हरिश्चंद्र’: आज आपण नेमकं काय पाहतो?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आज तो मोबाइलवर कुणालाही पाहता येतो, आणि पाहणारे बरेचदा हसतात. माणसं तुरुतुरु पळतात, तारामती तर उघडच पुरुष! हे हसू मला लागतं, कारण आपण जे पाहतो ते फाळक्यांनी दाखवलेलं नाही.

पळापळीचंच घ्या. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात. बोलपटांबरोबर २४ चौकटींचा वेग रूढ झाला. जुनी फीत त्या वेगाने फिरवली की माणसाची चाल दीडपट होते. मूळ चित्रपट चार रिळांचा, ३७०० फुटांचा; १६च्या वेगाने तो तासाभराचा होतो, २४च्या वेगाने जेमतेम चाळीस मिनिटांचा.

तारामती झाले होते अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात ते कामाला होते. फाळक्यांनी बायका शोधल्या नाहीत असं नाही. कुणी तयारच होईना. पण प्रेक्षकाला त्यात काही खटकलं असेल असं मला वाटत नाही. त्याच १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुरुषाने लुगडं नेसून पतिव्रता उभी करावी आणि लोकांनी डोळे पुसावेत, हा तेव्हाच्या रंगभूमीचा रोजचा अनुभव होता. फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

खरा घोळ पुढे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली रिळं दोनच, पहिलं आणि शेवटचं. तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण पहिला भारतीय कथापट म्हणून हसतो, तो कदाचित दुसराच चित्रपट असेल, आणि तोही अर्धाच.

पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्या. कोऱ्या फितीला छिद्रं पाडणं, ती धुणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामं त्यांच्याकडे होती. चित्रपटातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, आणि ते कुठल्याच रिळात दिसत नाही.