ब्लॉक बोअरिंगला आणण्यापूर्वी
(छोटा हत्ती, पिकअप, ४०७ अशा गाड्यांचं इंजिन घरी बांधणाऱ्या ग्राहकांसाठी)

"बोअर मारून ठेवा, पिस्टन उद्या आणतो." आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि आम्ही नाही म्हणतो ते इथंच. पिस्टन हातात आल्याशिवाय आम्ही बोअर मारत नाही, म्हणजे ब्लॉकमधला झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करत नाही. यात आडमुठेपणा नाही. त्यामागचं कारण एकदा नीट कळावं म्हणून हा कागद.

नव्या पिस्टनच्या डब्यावर ०.२५, ०.५० मिमी (बाजारात म्हणतात ते दहा, वीस, म्हणजे इंचाचे हजारावे भाग) असा साईज असतो. तो वाढीव माप सांगतो, फट (पिस्टन आणि बोअरच्या भिंतीमधली मोकळी जागा) सांगत नाही. कुठल्या पिस्टनला किती फट द्यायची हे बनवणारी कंपनी ठरवते. एकाच गाडीच्या, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिस्टनमध्ये यात फरक येतो. पिस्टन पूर्ण गोलही नसतो, पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या दांडीच्या) दिशेनं किंचित चपटा असतो. म्हणून पिनच्या काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), कंपनीनं दिलेल्या उंचीवर मायक्रोमीटर लावून प्रत्येक पिस्टन वेगळा मोजतो, त्याच्यावर सिलिंडरचा नंबर टाकतो आणि त्या मापात फट मिळवून तेवढाच तो बोअर होन करतो (बारीक दगडानं घासून मापाला आणतो). पिस्टन समोर नसताना मारलेला बोअर हा अंदाज असतो. फट कमी राहिली तर घाटात किंवा भरल्या गाडीत पिस्टन धरतो (अडकून बसतो), जास्त झाली तर थंड इंजिन खडखडतं आणि ऑइल पितं. मारलेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही. मग पुढचा साईज किंवा स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी), दोन्ही तुमच्याच खर्चानं.

दुसरी तक्रार: "एवढ्याशा कामाला रात्रभर का ठेवता?" मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीतून आलेला पिस्टन हाताला चटका देतो. ७५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन २० अंशांनी तापला की सुमारे ०.०३ मिमी फुगतो. द्यायची फट समजा ०.०५ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त फट नुसत्या उन्हानं चुकली. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक त्याच्या निम्म्यानंच फुगतो. म्हणून दोन्ही एका टेबलावर रात्रभर ठेवतो आणि सकाळी मोजतो. तासाभरात बोअर मारून देणारेही आहेत, त्यांच्या मापाबद्दल आम्ही काही बोलत नाही.

याच्या नेमकी उलटी चूकही होते: मोजणीआधीच पिस्टन घेऊन येणं. "थोडीच घासली आहे, दहा साईजमध्ये बसेल." सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते तिथं, आणि पिस्टनचा दाब येतो त्या बाजूला जास्त झिजतो. वर नखाला अडणारी कड लागते ती त्यामुळेच. समजा झीज ०.२० आहे आणि सगळी एकाच बाजूला. दहा साईज म्हणजे व्यासात ०.२५, पण मूळ केंद्र धरून मारलं तर एका बाजूनं फक्त ०.१२५ निघतं. खड्डा तसाच राहतो आणि वीस साईजवर जावं लागतं. फोडलेला डबा दुकानदार परत घेत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी धुतलेला, मोकळा ब्लॉक आणा. तीन उंचींवर, दोन दिशांना मोजून साईज लगेच सांगतो. मोजणीचे पैसे नाहीत. मग पिस्टन तुम्ही नागपूर-अमरावतीहून आणा किंवा आम्हाला मागवायला सांगा. बोअरिंगचा दर दोन्हीकडे सारखाच. आमच्याकडून घेतलात तर साईज चुकल्यास बदलून देण्याची जबाबदारी आमची, एवढाच फरक.

मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला धरणारी झाकणं) पोत्यात सुट्या आणू नका, ब्लॉकवर आपापल्या जागी कसून आणा. त्या ब्लॉकसोबत एका रेषेत मारलेल्या असतात, अदलाबदल झाली की क्रँक जाम होते. कनेक्टिंग रॉडचंही तेच. खोलण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर एकाच बाजूला पंचचे ठिपके मारा, जोडाच्या तोंडावर मात्र नको.

ब्लॉक घरी नेल्यावर बोअर डिझेलनं किंवा रॉकेलनं धुऊन भागत नाही. होनिंगची बारीक खर तशीच चिकटून राहते आणि नव्या रिंगा खाते. कोमट पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घ्या; पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत घासा, कोरडं करून लगेच ऑइल लावा. नाहीतर तासाभरात गंज चढतो. रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टननं सरळ ढकला आणि फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधली फट बघा. या मापाच्या इंजिनात साधारण ०.२५ ते ०.४० मिमी असते, पण डब्यातला कागद प्रमाण माना. ब्लॉकचं वरचं तोंड फेस केलं (घासून सपाट केलं) असेल तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजूनच गॅस्केटची जाडी ठरवा.

सुरू करताना डिझेल बंद ठेवून, थांबत थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. नंतर इंजिन "बसवायला" दिवसभर जागेवर चालू ठेवण्याची पद्धत सोडा. बिनलोडच्या इंजिनात रिंगांवर दाब येत नाही, बोअर गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं कायमचं लागतं. हलका माल भरून, वेग कमी-जास्त करत ५०० किलोमीटर चालवा, मग ऑइल आणि फिल्टर बदला.

पंपाचा स्क्रू फिरवून जादा डिझेल देणं, थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं ही कामं आम्ही करत नाही. जादा डिझेलनं आधी काळा धूर येतो, नंतर पिस्टनचं डोकं वितळतं. थर्मोस्टॅट काढला की काही इंजिनांत बायपास उघडाच राहतो आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं. म्हणजे थंड करायला गेलो आणि गाडी आणखी तापली. गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं सोयाबीनचं कुटार आणि कापसाचा पुंजका काढा, बोअरवेलचं खारं पाणी काढून कूलंट भरा. ब्लॉकच बदलायचा असेल तर इंजिन नंबर बदलतो, त्याची नोंद आरटीओत करावी लागते. जुन्या ब्लॉकचा नंबर नव्यावर ठोकून मागू नका.