फ्राइड राइस आदल्या रात्रीच ठरतो

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये घरोघरी होणारा फ्राइड राइस म्हणजे उरलेला भात, एखाद-दुसरं अंडं, मूठभर मटार-गाजर आणि लाप चाँगचे पातळ काप. लाप चाँग हे डुकराच्या मांसाचं सॉसेज. मीठ, साखर, सोया सॉस आणि तांदळाची दारू मुरवून ते परंपरेने थंडीच्या कोरड्या हवेत वाळवतात. जिन्नस साधे आणि काम दहा मिनिटांचं, तरीही घरचा फ्राइड राइस पुष्कळदा गिचका होतो आणि दोष गॅसच्या आचेवर जातो. आचेचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा भाताचा आहे. तो कसा निवला आणि रात्रभर कुठे राहिला, यावर बरंच काही ठरतं.

तांदूळ शिजतो तेव्हा त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना मोडते. म्हणून ताजा भात मऊ लागतो आणि दाण्यांवर चिकट थर असतो. भात निवला की स्टार्चच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींशेजारी येऊन बसू लागतात. त्यातल्या सरळ साखळ्या, म्हणजे अमायलोज, काही तासांतच जुळतात. फांद्या असलेल्या अमायलोपेक्टिनला एक-दोन दिवस किंवा अधिकही लागतात. फ्रिजमधल्या ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ही जुळणी जोरात चालते. दाणा कडक होतो आणि वरचं पाणीही थोडं उडून जातं. हाच भात परतला की अमायलोपेक्टिनची जुळणी सुटते आणि दाणा पुन्हा मऊ होतो, पण अमायलोजची जुळणी उकळत्या पाण्याच्या तापमानालाही टिकते. त्यामुळे दाणा मऊ झाला तरी मोडत नाही. तांदूळ मात्र मोकळा होणारा हवा. तिकडे जास्मिन वापरतात, आपल्याकडे कोलम किंवा बासमती चालेल. इंद्रायणीचा भात वरणासोबतच छान.

इथवर शिळा भात आपल्या बाजूने आहे. त्याच रात्री भातात आणखी एक गोष्ट घडू शकते, आणि ती मला चवीपेक्षा फार महत्त्वाची वाटते. बॅसिलस सेरेयस हा मातीतला जिवाणू. त्याचे बीजाणू तांदळावर असतात आणि भात शिजवताना मरत नाहीत. पातेलं कोमट झालं की ते रुजतात आणि जिवाणू वाढू लागतात. त्यांच्यातले काही प्रकार सेरेयुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष इतकं चिवट आहे, की घरच्या कोणत्याही कढईच्या आचेने ते जात नाही. जिवाणू परतताना मरतील, विष तसंच राहील. असा भात खाल्ल्यावर साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, पण क्वचित यकृतावर गंभीर परिणाम झाल्याचीही नोंद आहे.

हा धोका १९७१पासून ब्रिटनमध्ये उघड झाला. फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडत होते. तिथल्या चिनी उपाहारगृहांत भात मोठ्या प्रमाणावर शिजवून तासन् तास बाहेर ठेवला जाई. फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचे गोळे होतात आणि तो परतायला त्रास पडतो, हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्या घरांतही रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, ही सवय जुनी आहे. मोहरी तडतडली म्हणजे सगळं निर्धोक झालं, हा समज सोडायलाच हवा, विशेषतः उन्हाळ्यात.

उपाय अगदी सोपा आहे. भात खोल पातेल्यात ठेवला तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली तर वेळ साधारण एक चतुर्थांश होतो. भात परातीत बोटभर जाडीचा पसरा, वाफ जाऊ द्या आणि तासाभराच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गोळे दिसले तर हात ओला करून हलकेच मोकळे करा.

आता कढई. पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. तेवढंच पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटीहून अधिक. पदार्थावर पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खमंग तपकिरी रंग देणाऱ्या मायार अभिक्रियेला मात्र १४० अंशांच्या पुढेच खरा वेग येतो. म्हणून एका वेळी दोघांपुरताच भात घ्या. गाजर मटाराएवढं बारीक चिरा आणि फ्रोजन मटार असतील तर आधी पाणी निथळून कोरडे करा.

सुरुवात लाप चाँगपासून, मंद आचेवर, जवळजवळ तेलाशिवाय. पांढरी चरबी पारदर्शक होते आणि वितळून कढईत उतरते. काप काढून घ्या. त्यांत साखर असल्याने ते बघता बघता करपतात. त्याच चरबीत आच वाढवून अंडं अर्धवट जमवा आणि बाजूला काढा. मग भाज्या आणि त्यांवर भात. प्रत्येक दाण्यावर चरबीचा पातळ थर चढला की दाणे एकमेकांना धरत नाहीत. गोव्याचं चोरीस वापरलं तरी क्रम हाच, फक्त त्यात व्हिनेगर आणि मिरची आधीच असते, तेव्हा सोया सॉस नको.

भात उडवता आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी तैवान आणि चीनमधल्या पाच आचाऱ्यांचं चित्रीकरण करून मोजलं, तर ते सेकंदाला जवळजवळ तीनदा कढई झुलवत होते. त्यांच्या भट्टीच्या आचेवर दाणे हवेत गेले नाहीत तर जळतील. घरच्या गॅसवर अडचण नेमकी उलटी, कढई थंड पडण्याची. भात पसरून अर्धा मिनिट तसाच राहू द्या, खालून चुरचुर ऐकू आली की उलथा. अंडं आणि काप परत घाला. सोया सॉस चमचाभरच, शेवटी, भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तिथे त्यातलं पाणी लगेच उडतं आणि साखर व अमिनो आम्लं खमंग होऊनच भातात मिसळतात.