ओक्लाहोमाचे भूकंप फ्रॅकिंगमुळे? अपुरं उत्तर

'फ्रॅकिंगमुळे अमेरिकेतलं ओक्लाहोमा हादरलं' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. भूकंप माणसामुळेच वाढले, हे खरं. पण बहुतेकांचं कारण फ्रॅकिंग नव्हे.

फ्रॅकिंगमध्ये, म्हणजे खडकाला भेगा पाडून तेल-वायू काढताना, विहीर दोन-तीन किलोमीटर खाली नेऊन शेल नावाच्या घट्ट खडकात आडवी वळवतात. पोलादी नळी सिमेंटने पक्की करतात, तिला स्फोटकांनी भोकं पाडतात आणि टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी सोडतात. त्यात रसायनं एक टक्क्याच्या आसपास किंवा कमीच. खडकाला केसासारख्या भेगा पडतात. पाण्यातली वाळू त्यांत अडकून बसते, म्हणून दाब उतरला तरी भेगा मिटत नाहीत आणि तेल-वायू वाहत राहतो. एकेका टप्प्याचं पंपिंग काही तासांत संपतं. त्याचे धक्के बहुधा फक्त यंत्रांनाच कळतात.

खरी अडचण तेलासोबत वर येणाऱ्या प्राचीन समुद्राच्या खारट पाण्याची. ओक्लाहोमात ते वर्षानुवर्षं 'आर्बकल' या खोल थरात ओतलं गेलं. त्याच्या खालीच कठीण पायाखडक आहे. पाण्याचा दाब तिथल्या जुन्या प्रस्तरभंगांत (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकू शकतात अशा भेगांत) शिरला, त्यांच्या बाजूंना धरून ठेवणारी पकड सैल झाली आणि त्या सरकल्या. 3 सप्टेंबर 2016 ला पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. नियामकांनी पाणी ओतणं कमी करायला लावल्यावर धक्केही घटले.

फ्रॅकिंग निर्दोष आहे, असं मात्र नाही: इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ 2019 मध्ये त्यानेच 2.9 चा धक्का बसला.